सिलिकोनला शर्करा जोडताना: लॅक्टोन की अलिल ग्लायकोसाइड?

सिलिकोनच्या (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळ्यांनी बनलेल्या रबरासारख्या पदार्थाच्या) जाळ्यात, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या साखळ्यांत, शर्करा बसवण्याच्या दोन वाटा प्रामुख्याने विचारात घ्याव्या लागतात, आणि शर्करेचे वलय शाबूत हवे की नाही हे आधी ठरवल्याखेरीज त्यांपैकी एकीची निवड करू नये, असे माझे मत आहे.

पहिल्या वाटेत अमिनोप्रोपिल गट असलेल्या सिलिकोनवर ग्लुकोनोलॅक्टोनची (ग्लुकोजपासून मिळणाऱ्या वलयाकार एस्टरची) क्रिया करतात. अमाइन गट लॅक्टोनचे वलय उघडून अमाइड बंध तयार करतो. हायड्रॉक्सिल गट झाकावे लागत नाहीत आणि उपउत्पादनही निघत नाही. लॅक्टोन सिलिकोनमध्ये विरघळत नाही, म्हणून अल्कोहोलची मदत घ्यावी लागते. जाळे विणायला मात्र प्लॅटिनम उत्प्रेरक उपयोगी नाही, कारण उरलेले अमाइन गट त्याला निष्प्रभ करतात. त्यापेक्षा काही अमाइन गट मुद्दाम शिल्लक ठेवून ते इपॉक्सी सिलिकोनशी जोडावेत.

दुसऱ्या वाटेत अलिल ग्लायकोसाइड (वलय शाबूत असलेली आणि दुहेरी बंधाचा अलिल गट जोडलेली शर्करा) प्लॅटिनमच्या साहाय्याने सिलिकॉन-हायड्रोजन बंधांवर बसवतात आणि उरलेल्या बंधांवर व्हिनिल सिलिकोन जोडून जाळे पुरे करतात. ऐकायला हे नेटके वाटते. पण उघडे हायड्रॉक्सिल गट त्याच बंधांशी क्रिया करून हायड्रोजन वायू सोडतात, नमुन्यात बुडबुडे राहतात, आणि तयार होणारा सिलिकॉन-ऑक्सिजन-कार्बन बंध पाण्याने तुटू शकतो. म्हणून ते गट आधी अॅसिटेटने झाकतात. हे झाकण काढणे सर्वांत अवघड, कारण सोडियम मेथॉक्साइडसारखा तीव्र अल्कली सिलोक्सेनची, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनची, साखळीच तोडू शकतो, शिवाय जाळे मिथेनॉलमध्ये फारसे फुगत नसल्याने क्रिया पृष्ठभागापाशीच अडते.

केवळ पाण्याने भिजणारा पृष्ठभाग हवा असेल, तर पहिली वाट पुरेशी आहे. कॉनकॅनाव्हॅलिन-ए सारख्या लेक्टिनने (विशिष्ट शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनाने) शर्करा ओळखायला हवी असेल, तर पहिल्या वाटेने मिळणारी ग्लुकोनामाइडची उघडी साखळी निरुपयोगी ठरते. गॅलॅक्टोज ओळखणारे लेक्टिन चालत असेल, तर पहिल्याच वाटेने लॅक्टोबायोनोलॅक्टोन (लॅक्टोजपासून मिळणारे लॅक्टोन) घ्यावे; त्यातले गॅलॅक्टोजचे वलय टिकते आणि झाकण्या-उघडण्याची यातायातही वाचते.

तपासणीत अवरक्त वर्णपटात पहिल्या वाटेसाठी १६५० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचा अमाइडचा पट्टा दिसावा, तर दुसरीसाठी २१६० प्रति सेंटीमीटरजवळचा सिलिकॉन-हायड्रोजनचा पट्टा मावळावा. संपर्ककोन (पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन) थेंब ठेवताच आणि काही मिनिटांनी, असा दोनदा मोजावा, कारण हवेत शर्करा आत वळते आणि पाणी लागल्यावर हळूहळू वर येते. नमुना कडक झाला म्हणून जाळे दाट झाले, असे मात्र धरू नये. शर्करांमधील हायड्रोजन बंधही कडकपणा आणतात आणि नुसत्या टोल्यूईनमध्ये ते बहुतांशी टिकून राहतात. त्यामुळे फुगण्याची चाचणी (जाळे जितके दाट, तितके ते द्रावकात कमी फुगते) टोल्यूईनमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळूनही करावी.