ऑफिसात खेळायला कोणता गेम? आधी लिंबूटिंबूचा विचार करा

लहानपणी गल्लीत लपंडाव रंगला की एखादं धाकटं भावंड हट्टानं मागे लागायचं. त्याला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घ्यायचं. तोही पळायचा, लपायचा, ओरडायचा, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. ऑफिसमधल्या मंडळींबरोबर खेळायला कॉम्प्युटर गेम निवडताना मी आता हीच कसोटी लावतो: या खेळात लिंबूटिंबूला जागा आहे का? मोठ्या माणसाला 'तू लिंबूटिंबू' असं तोंडावर सांगता येत नाही. त्यामुळे ती सोय खेळाच्या रचनेतच असावी लागते.

हे शहाणपण चूक करून आलं. आमच्या अकरा जणांच्या टीमनं शुक्रवारी साडेपाचनंतर तासभर खेळायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात शूटर, म्हणजे एकमेकांवर बंदुका झाडायचा गेम, लावला. तिघं जण कॉलेजपासून काउंटर-स्ट्राइक खेळलेले, हात बसलेले. टेस्टिंगमधल्या एक ताई मात्र आयुष्यात पहिल्यांदा असा गेम खेळत होत्या. आपल्याला कुणी मारलं, कुठून मारलं, हेच त्यांना कळत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी त्यांना 'जरा काम' निघालं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी तिघांना निघालं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आमची निवड चुकली होती.

तेव्हापासून आम्ही बरेच गेम खेळून पाहिले. तुम्ही निवडायच्या बेतात असाल तर त्यातलं काय कशासाठी बरं, ते सांगतो.

आधी मशीन आणि नेटवर्क

कंपनीच्या लॅपटॉपला बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, आणि असलेल्या रॅममधली बरीचशी ब्राउझर आणि मीटिंगचं अ‍ॅप खात असतं. त्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे अ‍ॅडमिन राइट्स, म्हणजे मशीनवर स्वतः काही बसवायची परवानगी, नसतात. इन्स्टॉल करावा लागणारा कुठलाही गेम हवा असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा. पेनड्राइव्हवरून गुपचूप चालवायच्या फंदात पडू नका, ते नोकरीवर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. ऑफिसचं वायफाय अनेकदा असं लावलेलं असतं की त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसतच नाहीत. सगळे एकाच वायफायवर, तरी लॅन गेमच्या (म्हणजे एकाच नेटवर्कवरची मशीन थेट जोडून खेळायच्या गेमच्या) यादीत मित्राचा सर्व्हर येत नाही आणि तासभर सेटिंग धुंडाळण्यात जातो. लॅनवरच खेळायचं असेल तर स्वतःचे लॅपटॉप आणा आणि ऑफिसच्या नेटवर्कला न जोडलेला एक साधा राउटर टेबलावर ठेवा. कुणी घरून खेळणार असेल तर त्याचा व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) बंद असल्याची खात्री करा. व्हीपीएनमुळे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, वाढतं, आणि वेगवान गेममध्ये पिंग 100 मिलिसेकंदांच्या वर गेलं की नेम धरण्यात अर्थ राहत नाही.

शूटर: तीन हलके पर्याय

जुन्या मशीनवर सर्वात सुखानं चालतो तो असॉल्टक्यूब. डाउनलोड सुमारे 50 एमबी, फुकट, आणि दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही अडखळत नाही. बंदुका, नकाशे, चाल हे सगळं काउंटर-स्ट्राइकच्या वळणाचं. ओपनअरीना थोडा मोठा, काहीशे एमबींचा. क्वेक थ्री अरीना हा 1999चा गेम, त्याच्या इंजिनाचा सोर्स कोड 2005 साली जीपीएल या खुल्या परवान्याखाली खुला झाला आणि त्यावर ओपनअरीना उभा राहिला. तोही फुकट. काउंटर-स्ट्राइक 1.6 हा 2003चा, पण तो विकत घ्यावा लागतो, आणि रीतसर खेळायचं तर प्रत्येकाची प्रत वेगळी.

नवख्याच्या बाजूनं पाहिलं तर या तिघांत मोठा फरक आहे. काउंटर-स्ट्राइकच्या नेहमीच्या खेळात मेलात की फेरी संपेपर्यंत बाहेर बसायचं. म्हणजे जो सर्वात कच्चा, तो सर्वात कमी खेळतो आणि सर्वात जास्त वेळ दुसऱ्यांचा खेळ बघतो. शिकायला संधीच मिळत नाही. ओपनअरीनात मेलात की लगेच पुन्हा जिवंत. शिवाय त्यात बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले भिडू, भरता येतात आणि त्यांची ताकद ठरवता येते. सगळी माणसं एका बाजूला आणि बॉट दुसऱ्या बाजूला, असा डाव लावला की कसलेला भिडू नवख्याला मारत नाही, त्याला सांभाळून घेतो. शूटरमध्ये लिंबूटिंबूची सोय करायची असेल तर मला सापडलेला हा सर्वात चांगला मार्ग आहे.

मग ओपनअरीनाच घ्यावा का? ऑफिससाठी मी नाही म्हणेन. त्यातली काही स्त्री-पात्रं इतक्या तोकड्या कपड्यांत आहेत की गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच 17 वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही अशी सूचना दिली आहे. सहकारी महिलांच्या शेजारी बसून तो मोठ्या स्क्रीनवर लावणं बरोबर नाही. घरी मित्रांबरोबर खेळा. ऑफिसात शूटर हवाच असेल, आणि सगळ्यांना मनापासून हवा असेल, तर असॉल्टक्यूब.

एज ऑफ एम्पायर्स टू

हा गाव वसवून सैन्य उभारायचा आणि लढायचा गेम. एकदा लावला की मंडळी उठत नाहीत, हा त्याचा गुण आणि हीच अडचण. एक डाव तासाच्या आत आटोपेल याची खात्री नाही आणि एका वेळी जास्तीत जास्त 8 जण. मूळ 1999चा गेम आज कुठल्याही मशीनवर चालावा असा आहे, पण आता सहज विकत मिळणारी 2019ची डेफिनिटिव्ह एडिशन हलकी म्हणता येत नाही. एकमेकांविरुद्ध खेळलात तर कच्च्या भिडूचं गाव पहिल्या वीस मिनिटांत जळतं आणि उरलेला वेळ तो चहा पितो. सगळे मिळून कॉम्प्युटरविरुद्ध खेळा. कुणी शेती सांभाळतो, कुणी भिंती बांधतो, कुणी हल्ला करतो, आणि खरोखर मजा येते. महिन्यातून एकदा, हातात मोकळी संध्याकाळ असेल तेव्हा.

ब्राउझरमधले: स्क्रिबल की गार्टिक फोन?

बहुतेक टीमचा निर्णय इथेच होतो, कारण इन्स्टॉल काहीच करायचं नसतं. लिंक पाठवायची, नाव टाकायचं आणि खेळायचं. फोनवरूनही चालतं. चित्र काढायला फोनची स्क्रीन लॅपटॉपच्या टचपॅडपेक्षा कितीतरी सोयीची. ऑफिसच्या फायरवॉलनं साइट अडवली असेल तर मोबाइल डेटावर खेळता येतं.

स्क्रिबलमध्ये एक जण दिलेल्या शब्दाचं चित्र काढतो, बाकीचे टाइप करून ओळखतात. लवकर ओळखाल तितके गुण जास्त. गेममधले तयार इंग्रजी शब्द दोन दिवसांत कंटाळवाणे होतात, म्हणून आपल्या गटाची खोली उघडतानाच आपले शब्द भरा. किमान 10 लागतात. आम्ही मिसळ, रिक्षा, दहीहंडी, सिंहगड, गणपतीचा मांडव असे चाळीसएक भरले आणि खेळाचा रंगच बदलला. एक सावधगिरी मात्र घ्या. शब्द रोमन लिपीत भरले तर स्पेलिंग हुबेहूब जुळावं लागतं. 'वडापाव' व्हीनं लिहायचा की डब्ल्यूनं, मध्ये जागा सोडायची की नाही, यावर आमची अर्धी फेरी गेली. अक्षराचा फरक असेल तर जवळ आलात असा इशारा गेम देतो, पण गुण देत नाही. स्पेलिंगचा नियम आधी सांगून ठेवा.

गार्टिक फोन हा ब्राझीलमधल्या मंडळींनी बनवलेला खेळ म्हणजे आपल्या कानगोष्टीच. पहिला एक वाक्य लिहितो, दुसरा त्याचं चित्र काढतो, तिसरा फक्त चित्र पाहून वाक्य लिहितो, चौथा त्या वाक्याचं चित्र काढतो. शेवटी प्रत्येक वही, म्हणजे प्रत्येकाच्या पहिल्या वाक्यापासून निघालेली साखळी, सगळ्यांसमोर उलगडते आणि मूळ वाक्याचं काय काय झालं ते दिसतं. 30 जणांपर्यंत खेळता येतं.

दोन्हींत मी गार्टिक फोनला झुकतं माप देतो. त्याची दोन कारणं आहेत. इथे शब्द जुळवायचाच नसतो, त्यामुळे वाक्यं सरळ देवनागरीत लिहिता येतात. 'पावसात छत्री उलटी झालेले आजोबा' हे वाक्य कुठल्याही स्पेलिंगच्या भानगडीशिवाय जातं. आणि नेहमीच्या खेळात गुणच नाहीत, कुणी जिंकत नाही. ज्याला चित्र येत नाही त्याच्याच वहीवर सगळे सर्वात जास्त खळखळून हसतात, आणि तो स्वतः त्यात सामील असतो. इथे सगळेच लिंबूटिंबू. एक नियम मात्र पहिल्या दिवशीच ठरवा: कुणाच्या दिसण्यावर, आडनावावर किंवा घरच्यांवर वाक्य लिहायचं नाही.

स्क्रिबल सहा-सात जणांत आणि वीस मिनिटांत छान बसतो. गार्टिक फोनमध्ये माणसं वाढली की प्रत्येक वही लांबते आणि उलगडायच्या वह्याही वाढतात. दहाच्या वर असाल तर दोन खोल्या करा.

बोलायचे खेळ: कोडनेम्स की अमंग अस?

अमंग अस म्हणजे आपल्यातच लपलेला मारेकरी चर्चा करून, मतं टाकून ओळखायचा खेळ. तो 2018चा, पण घरोघरी पोचला 2020च्या लॉकडाउनमध्ये. 4 ते 15 जण, फोनवर फुकट, कॉम्प्युटरवर विकत, आणि दोन्हीकडचे एकत्र खेळू शकतात. मेलेला भिडू भूत होऊन आपली कामं पुरी करू शकतो, ही रचना फार विचारपूर्वक केली आहे. तरी नव्या टीमला मी तो सुचवत नाही. चर्चेत जो गप्प बसतो त्याच्यावर पहिला संशय जातो. मुळात कमी बोलणारा माणूस दर डावात पहिल्यांदा बाहेर फेकला जातो, तेही सगळ्यांच्या मतानं. शिवाय नुकत्याच ओळखीच्या सहकाऱ्याशी तोंडावर खोटं बोलणं सगळ्यांना जमत नाही. वर्षभर एकत्र काम केलेल्या आठ-दहा जणांत मात्र हाच गेम सोन्यासारखा आहे.

कोडनेम्स हा व्लादा ख्वातिल यांनी रचलेला, 2015 साली आलेला बोर्ड गेम. ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. पटावर 25 शब्द: पहिल्या संघाचे 9, दुसऱ्याचे 8, तटस्थ 7 आणि एक मारेकरी. त्याला हात लावला की डाव तिथेच गेला. कुठला शब्द कुणाचा हे फक्त संघनायकांना दिसतं. संघनायक इशारा म्हणून एकच शब्द आणि तो किती शब्दांना लागू आहे तो आकडा सांगतो, बाकीच्यांनी त्यावरून आपले शब्द ओळखायचे. निर्णय संघाचा असल्यानं चूकही संघाची होते. बोलणारा बोलतो, गप्प माणूस विचार करून एखादंच वाक्य बोलतो आणि तेच बरोबर निघतं.

भाषेची अडचण येते. पटावरचे शब्द इंग्रजी असतील तर इंग्रजीत सराईत असलेले पुढे जातात. आम्ही इशारा मराठीत द्यायची मुभा ठेवली. एकदा पटावर नदी आणि डोंगर अशा अर्थाचे दोन शब्द होते. त्या टेस्टिंगच्या ताई नायक होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "घाट, दोन." नदीचाही घाट आणि डोंगराचाही. त्या दिवसापासून नायक म्हणून त्यांच्याच नावाचा आग्रह होतो.

लिचेस आणि लुडो, थोडक्यात

लिचेस या साइटवर बुद्धिबळ पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि खासगी स्पर्धा पाच मिनिटांत लावता येते. ठरलेल्या वेळात एकामागून एक डाव चालणाऱ्या 'अरीना' स्पर्धेत गुणतालिकेत जवळ असलेल्यांच्या जोड्या लागतात, त्यामुळे कच्च्यांनाही बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळतात. पण ज्याला बुद्धिबळ येतच नाही त्याला इथे जागा नाही. खेळणारे चार-पाच असतील तर जेवणाच्या सुट्टीसाठी उत्तम. लुडो किंग नवी मुंबईच्या कंपनीचा, 2016 साली आलेला. फासा सगळ्यांना सारखा, पण फुकट आवृत्तीत जाहिराती येतात आणि आपली पाळी येईपर्यंत लक्ष उडतं.

पहिलाच शुक्रवार असेल तर वीस मिनिटं गार्टिक फोन आणि मग कोडनेम्सचे दोन डाव लावा. महिनाभरानं शूटरची हौस असलेल्यांचा वेगळा कट्टा काढा, त्यांना असॉल्टक्यूब द्या. आणि दुसऱ्या शुक्रवारी कोण आलं नाही ते पाहा. त्या माणसाला बाजूला, चहाच्या टेबलावर, विचारा की तुम्हाला काय खेळायला आवडेल.