साडेआठशे डॉलरची स्नायपर

गेल्या महिन्यात न्यू जर्सीच्या एका मित्राचा फोन आला. त्याला कुणीतरी 'कोरियाच्या युद्धातून आलेली रशियन स्नायपर रायफल' दाखवली होती. ते वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण २०१९ मध्ये अगदी हेच वाक्य ऐकून मी खिशातून साडेआठशे डॉलर काढले होते. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच जरा सविस्तर लिहितो.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. मूळ गाव आटपाडी तालुक्यात. घरात बंदूक सोडा, छर्‍याची एअरगनही कधी नव्हती. भारतात १९५९ च्या कायद्याखाली परवान्यासाठी किती उंबरठे झिजवावे लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. इथे ग्रीन कार्ड झाल्यावर शेजारचे आजोबा एकदा नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले आणि मला नाद लागला. २०१२ मध्ये दुकानातून पहिली रायफल घेतली, मोसिन-नागां ९१/३०, एकशे दहा डॉलरला. त्या काळी सगळ्यात स्वस्त बोल्टची रायफल तीच. १८९१ चा मूळ नमुना, १९३० साली सुधारलेला, कोट्यवधींनी बनलेला. सोव्हिएत गोदामांत वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल पेट्यांनी इकडे आला होता. सव्वा मीटर लांब, चार किलो वजन, आणि नखशिखांत घट्ट तपकिरी ग्रीस. ते ग्रीस काढताना बाथटबची जी अवस्था झाली, त्यावर बायकोचं अजूनही एक भाषण तयार असतं.

स्वस्त वस्तू घरात आली की ती सुधारायची खाज सुटते. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, अडकायचा; पाहिलं तर नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं त्या जागी, जुनं लाखेचं रोगण आणि ग्रीस वाळून चिकटलेलं. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटनं घासलं, बोल्ट लोण्यासारखा फिरू लागला. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या दारूमुळे नळीत क्षार राहतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि दोन दिवसांत गंज चढवतात. म्हणून रेंजवरून आल्यावर नळीत आधी गरम पाणी, मग तेल. इथवर खर्च जवळजवळ शून्य. पुढे मात्र डोकं फिरलं. नवा चाप शंभर डॉलर, प्लास्टिकचा दस्ता ऐंशी, पुढची माशी बदलली, नेम धरायची मागची पट्टी काढून तिथे दुर्बिणीचा पाट बसवला. एकशे दहाच्या रायफलवर तीनशे घातले आणि गोळ्या पूर्वी जिथे लागायच्या तिथेच लागत राहिल्या. ही फसवणूक माझी मीच केलेली, तिचा दोष कुणाला देणार?

पण त्यातून एक इच्छा मनात राहिली: दुर्बीण असलेली खरी मोसिन हवी. १९४२ पासून सोव्हिएत सैन्यानं या रायफलीवर पीयू नावाची साडेतीन पट दाखवणारी आखूड दुर्बीण बसवली. खर्‍या नगाला त्या सुमारास हजार-बाराशे सहज पडायचे.

गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, एका टेबलावर ती दिसली. टेबलामागचा माणूस साठीचा, मऊ बोलणारा. म्हणाला, वडील कोरियात होते, त्यांनी हस्तगत केलेली रायफल आहे, घरात कुणाला आवड नाही म्हणून काढतोय. ट्रंकेत सापडलेला एक जुना फोटोही त्यानं दाखवला. फोटोत एक सैनिक होता, रायफल नव्हती. ते मला घरी आल्यावर आठवलं.

मी व्यवसायानं इंजिनिअर. आकडे वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी नळीच्या बुडावरचे आकडे वाचले. त्रिकोणात बाण, म्हणजे रशियातल्या इझेव्स्कचा कारखाना. खाली वर्ष, १९३९. मी मोठ्यानं "१९३९" म्हणालो, तेव्हा त्याचा चेहरा जराही हलला नाही. उलट म्हणाला, "युद्धापूर्वीची आहे. तेव्हाचं काम बघ किती गुळगुळीत. युद्धातली घाईगर्दीत केलेली असतात." आणि हे खरंच आहे! युद्धापूर्वीच्या रायफलींची घडण सुबक असते, युद्धातल्यांवर लेथची हत्यारं ओरखडे सोडून गेलेली दिसतात. खर्‍या गोष्टीच्या पाठीवर बसवून त्यानं खोटी गोष्ट माझ्या गळी उतरवली. साडेआठशे रोख मोजले. इथे पेनसिल्व्हेनियात एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांत लांब बंदुकीचा व्यवहार कागदाशिवाय होऊ शकतो. दुकानदाराकडून घेतली असती तर ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागला असता, माझी पार्श्वभूमी तपासली गेली असती, आणि निदान विकणार्‍याचं नाव-गाव कुठेतरी राहिलं असतं. फॉर्मनं रायफल खरी ठरत नाही, पण भांडायला दार तरी राहतं.

शेजारच्या आजोबांना अभिमानानं दाखवली. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "वर्ष वाचलंस का?"

पीयू दुर्बीण मुळात मोसिनसाठी बनलीच नव्हती. ती आली १९४० मध्ये, एसव्हीटी-४० या दुसर्‍या रायफलीसाठी, आणि मोसिनवर चढली १९४२ मध्ये. १९३९ च्या स्नायपरवर वेगळी, लांब दुर्बीण असायची आणि तिची बैठकही वेगळी. १९३९ ची नळी आणि पीयूची बैठक हे लग्नच जमत नाही. रायफल तिचं वय मला टेबलावरच सांगत होती आणि मी ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं.

मग त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. दुर्बीण आली की सरळ बोल्टची मूठ तिला आपटते, म्हणून स्नायपरला वाकडी, लांब मूठ असते. माझ्या रायफलीची मूठ कापून नवी जोडलेली. मुळाशी वेल्डिंगची कड नखाला लागत होती. खर्‍या नगावर दुर्बिणीचा नंबर नळीच्या बुडाला डाव्या बाजूला ठोकलेला असतो. माझ्याही होता, पण आकड्यांच्या खाचा आतून चमकत होत्या, म्हणजे ऐंशी वर्षांच्या रंगावर काल-परवाचा ठसा. आणि शेवटी नळीच्या खालच्या बाजूला, साफ करायच्या गजाच्या आडोशाला, मुंगीएवढ्या अक्षरांत अमेरिकी आयातदाराचं नाव आणि गाव. १९६८ च्या कायद्यानंतर बाहेरून आणून विकायच्या प्रत्येक बंदुकीवर हे कोरावं लागतं. कोरियातून सैनिकाच्या सामानात आलेल्या रायफलीवर ते कुठून येणार? कोरियातले वडील, ट्रंक, फोटो, सगळं तिथेच संपलं.

म्हणजे ती माझ्या पहिल्या रायफलीचीच जुळी बहीण होती. डावीकडे भोकं पाडून नव्या बनावटीची दुर्बीण आणि बैठक चढवलेली. असे संच उघड विकत मिळतात, हौसेसाठी लावायला काहीच हरकत नाही. नक्कल म्हणून विकली असती तर मी चारशे आनंदानं दिले असते.

पैशापेक्षा मला झोंबलं ते पुढचं. बंदूक दुरुस्त करणार्‍या कारागिराकडे नेली, तर त्यानं गेज लावून सांगितलं की बोल्ट या नळीचा नाहीच. बोल्टवरचा मूळ नंबर घासून त्यावर नळीचा नंबर ठोकलेला. बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली फट मर्यादेपेक्षा जास्त होती. अशा रायफलीत काडतुसाचं पितळ फाटून तापलेला वायू मागे, डोळ्यांकडे येऊ शकतो. मी तोवर वीस गोळ्या झाडल्या होत्या. बोल्टचं पुढचं डोकं बदलायला साठ डॉलर गेले. मोसिनचं ते डोकं सुटं असतं, म्हणून एवढ्यावर निभावलं.

पुढच्या शोला त्या टेबलावर एक बाई बीफ जर्की विकत होत्या. शोच्या व्यवस्थापकानं खांदे उडवले. पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पावती मागितली. माझ्याकडे होता पेन्सिलनं लिहिलेला एक कागद, त्यावर फक्त पहिलं नाव, तेही बहुधा त्याचं नसलेलं.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं. माझ्या हातात बंदूक असते हेच त्यांना पटत नाही, तरी सगळं ऐकून घेतलं. खरसुंडीच्या जत्रेत त्यांनी आयुष्यभर खिलार बैल घेतले. म्हणाले, "दात बघितलेस ना?" म्हटलं, बघितले. "मग?" म्हटलं, दात बघितले, पण हेड्या बोलत होता म्हणून मोजले नाहीत. अण्णा बराच वेळ हसत होते. एकदा म्हणे त्यांनाही शिंगं तासून, तेल लावून म्हातारा बैल गळ्यात मारला होता, आणि आईला ते अजून माहीत नाही.

न्यू जर्सीच्या मित्राला सांगितलं: विकणार्‍याची गोष्ट सुरू झाली की बोल्ट बाहेर काढून हातात घे, मुठीच्या मुळाशी नख फिरव, नळीखाली टॉर्च मार. वर्ष १९४२ च्या आधीचं आणि वर पीयू असेल तर 'थँक यू' म्हणून निघ. सगळं जुळलं, तरी दुकानदाराच्या मध्यस्थीनं, कागदावर घे, आणि पहिली गोळी झाडण्याआधी गेज लावून घे.

ती रायफल मी यंदा क्लबच्या विक्रीत ठेवली. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी: 'नक्कल. नळी १९३९. दुर्बीण नवी. बोल्टचं डोकं बदललेलं, गेज तपासलेलं. चारशे.' एक तरुण बराच वेळ थांबला, पाटी दोनदा वाचली, दुर्बिणीला डोळा लावला. मग हळूच विचारलं, "पण नक्की नक्कलच आहे ना? म्हणजे, खरी असायची काहीच शक्यता नाही?"

मी बोल्ट काढून त्याच्या हातात दिला. त्यानं वेल्डिंगवर अंगठा फिरवला, आणि तरीही दुर्बिणीकडेच बघत राहिला.