न उघडताच ‘ओव्हरहॉल’ झालेलं इंजिन

जुन्या गाडीचं इंजिन पूर्ण उघडलं, बोअर मारलं (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केले), पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, असं बिल माझ्या हातात दिलं गेलं. प्रत्यक्षात ऑइल चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याचा, एक बोल्टही कुणी सैल केलेला नव्हता. यातली जवळजवळ प्रत्येक युक्ती कुठल्याही कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीवर चालते, आणि समोर उभं राहून बघणाऱ्याला ती रीतसर तपासणीच वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलची. तक्रार अशी की ऑइल खाते आणि निळा धूर सोडते. पण धूर सारखा येत नव्हता. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट करताना एक लोट, मग साफ. लांब उतार पाय काढून गिअरमध्ये उतरायचा आणि खाली पुन्हा रेस द्यायची, की मागच्याला दिसेनासं व्हावं इतका धूर. बराच वेळ आयडलिंगवर ठेवून निघालं तरी तेच. चढावर, इंजिन पूर्ण ताणलेलं असताना, आरशात काहीही नाही. ऑइल हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या आसपास जायचं. जुन्या इंजिनाला हे काही मरणाचं लक्षण नव्हे.

हे वेळापत्रक महत्त्वाचं आहे. उतारावर पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, पण चाकं इंजिनाला फिरवत राहतात. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो. व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील कडक होऊन चिरलं असेल किंवा ती दांडी ज्यात सरकते ते गाइड झिजलं असेल, तर हा व्हॅक्यूम हेडवरचं (सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागातलं) ऑइल गाइडमधून खाली ओढतो. पुन्हा रेस दिली की ते जळतं. रात्रभर थेंब थेंब झिरपलेलं ऑइल सकाळच्या पहिल्या लोटात जातं. झिजलेल्या रिंगांचा धूर उतारानंतर वाढू शकतो, पण चढावर तो नाहीसा होत नाही. उलट लोड पडला की तो जास्त दिसतो. (पांढरा धूर राहून गरम इंजिनातही येत असेल तर आधी कूलंटची पातळी बघा, काळा असेल तर कार्ब्युरेटर. निळ्याशी त्यांचा संबंध नाही.)

हे सगळं मी गॅरेजवाल्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, “साहेब, अंदाज कशाला, टेस्टच करू तुमच्यासमोर.”

पहिला प्रयोग ऑइल भरायच्या झाकणाचा. इंजिन चालू ठेवून त्याने झाकण काढलं, आतून वाफ भकाभका बाहेर. “बघा, कॉम्प्रेशन खाली येतंय.” थोडा गॅस रिंगांवरून खाली प्रत्येक इंजिनात येतो. तो बाहेर काढण्यासाठीच ब्रीदरची नळी असते. माझ्या गाडीच्या ब्रीदरची जाळी काळ्या चिखलाने गच्च बुजलेली होती, हे पुढे कळलं. ती बुजली की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब साठतो, झाकणातून वाफ येते, सीलांतून ऑइल गळतं, आणि धूरही वाढतो. ती साफ करायला पेट्रोल आणि एक जुना ब्रश पुरतो.

दुसरा प्रयोग सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजचा, आणि खरी कलाकारी इथे होती. थंड इंजिन. एकच प्लग काढायचा, बाकीचे तीन जागेवर. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर मोकळा, म्हणजे थ्रॉटल बंद. चारही सिलिंडरला काटा ९०-९५ पीएसआयवर अडकला. मग प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइल घातलं, चांगली पिचकारी भरून, आणि या वेळी पोरगा आत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरत होता. काटा १५० च्या पुढे. “ऑइल टाकल्यावर वाढलं, म्हणजे रिंगा गेल्या. पुस्तकात लिहिलंय.”

पुस्तकात खरंच लिहिलंय, तीच तर गंमत. कोरड्या आणि ओल्या चाचणीचा नियम बरोबर आहे. ऑइल घातल्यावर आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पण ऑइल चमचाभरच घालायचं असतं. जास्त घातलं की ते कंबश्चन चेंबरमधली जागा व्यापतं आणि नव्याकोऱ्या इंजिनाचाही आकडा फुगतो. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही, म्हणून आकडा आधीच पडलेला. आणखी एक खूण होती. चारही आकडे जवळजवळ सारखे होते. झीज इतकी शिस्तीत क्वचितच होते. चारही सिलिंडर एकसारखे कमी दाखवत असतील तर पहिला संशय चाचणीच्या पद्धतीवर घ्यावा, मग व्हॉल्व्ह टायमिंगवर.

गाडी ठेवून घेतली गेली. परत मिळाली तेव्हा धूर बंद! पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवा, रेस देऊ नका, रिंगा बसू द्या, अशा सूचनाही मिळाल्या. पिशवीत चार काळे पिस्टन आणि तुटक्या रिंगा: “तुमचे जुने पार्ट.” धूर थांबलेला आणि जुने पार्ट हातात, यापुढे शंका कोण घेणार?

उलगडा झाला तो चेंबरच्या गळक्या गॅस्केटमुळे. त्यासाठी दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच विचारलं, “इंजिन केलंय म्हणालात ना? मग हे उघडलं कुणी?” बोल्टांवर आणि जोडावर वर्षानुवर्षांचा ऑइल-मातीचा एकसंध थर होता. या इंजिनात पिस्टन काढायचा तर खालून कनेक्टिंग रॉडच्या टोप्या सोडाव्या लागतात, आणि त्यासाठी चेंबर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. मग प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. बिलावर ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे पिस्टन, असं लिहिलेलं. ओव्हरसाइज पिस्टनच्या डोक्यावर तो आकडा सहसा ठोकलेला असतो. माझ्या पिस्टनवर तो नव्हताच, फक्त पुसून घेतलेला जुना कार्बन होता. पिशवीतले पिस्टन व्हर्नियरने मोजले तर माझ्या इंजिनाच्या बोअरपेक्षा तब्बल ३ मिलिमीटर लहान. दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचे.

म्हणजे फक्त हेड उतरवून व्हॉल्व्ह सील बदलली होती. धूर त्यानेच थांबला.

हेड उतरवल्यावर व्हॉल्व्हही घासले आणि त्यामुळे कॉम्प्रेशन सुधारलं असेल, अशी पळवाट उरू नये म्हणून मिस्त्रींनी एक छान गोष्ट केली. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, इग्निशन तोडून, थ्रॉटल आणि चोक पूर्ण उघडे ठेवून, भरलेल्या बॅटरीवर गेज लावला. चारही १५० च्या आसपास. मग इंजिन थंड होऊ दिलं आणि तोच गेज आधीच्या गॅरेजच्या पद्धतीने लावला, बाकीचे प्लग जागेवर, थ्रॉटल बंद. काटा पुन्हा शंभराच्या आत.

त्यांच्या मते इंजिन उघडायच्या आधी लीक-डाउन चाचणी झालीच पाहिजे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरमध्ये फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये म्हणजे एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणात जोरदार म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट. इथे कुणी पायाने थ्रॉटल खेळवून आकडा बदलू शकत नाही. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय का, हेही डिपस्टिक हुंगून बघायला सांगितलं. पातळ झालेलं ऑइल जास्त जळतं आणि दोष रिंगांवर येतो. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांत व्हॅक्यूम मॉड्युलेटर फाटला की गिअरबॉक्सचं ऑइल मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं आणि धुराचे लोट उठतात. इंजिनाच्या डिपस्टिकची पातळी मात्र हलत नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये फोटो घेऊन गेलो. आधी उत्तर आलं की बोअर चांगलं निघालं म्हणून मारलं नाही. मग बिलावर बोअर आणि पिशवीत पिस्टन कसे, यावर पोराने पार्ट बदलले असतील असं निघालं. बोअर मारलं असेल तर लेथवाल्याने प्रत्येक सिलिंडरचं माप वर, मध्ये, खाली, दोन दिशांनी घेतलेलं असणार, तो कागद दाखवा म्हटलं. पिस्टन आणि बोअरिंगचे पैसे परत मिळाले, मजुरीचे नाहीत. तो कागद त्यांनी अजून दाखवलेला नाही.