साईटवर ट्रेनी राहून डिग्री, की आधी डिग्री मग साईट?

बारावीनंतर सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय पण कसं, हे बरेच जण विचारतात, म्हणून दोन्ही वाटा समोरासमोर ठेवतो: बांधकाम कंपनीत ट्रेनी म्हणून काम करत पार्टटाइम डिग्री, किंवा आधी फुलटाइम कॉलेज. जाहिरातीतलं 'कमवा आणि शिका' जरा बाजूला ठेवा.

पैसा: ट्रेनीला दर महिन्याला थोडेफार हातात येतात, काही कंपन्या फीसुद्धा भरतात, पण मग अमुक वर्षं सोडून जायचं नाही असा बाँड असतो, तो नीट वाचा. फुलटाइमला सगळा खर्च आधी, कमाई नंतर.

वेळ: पार्टटाइम डिग्री सहसा जास्त वेळ खाते.

शिकणं: इथे खरा फरक आहे. बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती लांब, कशी वाकवायची, किती नग, याचा तक्ता) वाचून सळई मोजणं, स्लॅब भरायच्या आधी कव्हर ब्लॉक (सळईभोवती ठरलेल्या जाडीचं काँक्रीट राहावं म्हणून खाली ठेवतात ते ठोकळे) तपासणं, ७ आणि २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासतात त्याचे) रिपोर्ट बघणं, हे ट्रेनीच्या अंगात मुरतं, वर्गात ते फक्त परीक्षेपुरतं राहतं. उलट स्ट्रक्चरल ॲनालिसिस (बांधकामावर येणाऱ्या भाराचं गणित), सॉइल मेकॅनिक्स (मातीचा अभ्यास) दमलेल्या डोक्याने रात्री वाचून कळत नाही, आणि स्लॅबचं काँक्रीट सुरू झालं की उद्या पेपर आहे म्हणून ते थांबत नाही. (परीक्षेची सुट्टी तोंडी नको, लेखी घ्या.)

दमणूक: ट्रेनीची दुप्पट, यात वादच नाही.

मग कुणी काय करावं? घरी पैशाची ओढाताण असेल किंवा एक्झिक्यूशन (साईटवर काम करून घेणं), क्वांटिटी सर्व्हेइंगकडे (मालाचं मोजमाप आणि खर्चाचा हिशोब) जायचं असेल तर ट्रेनी. डिझाइन, मास्टर्स, रिसर्च डोक्यात असेल तर फुलटाइमच, सुट्टीत मात्र इंटर्नशिप करा.