‘काकू, ओटीपी मला सांगू नका’ : १,३४९ रुपयांच्या वेबकॅमपायी ५८,४९६ रुपये गेले

लिहू की नको यात तीन आठवडे गेले. घरात अजून सगळ्यांना माहीत नाही. पण परवा आमच्याच सोसायटीतल्या एका ताई म्हणाल्या, ‘‘मला कोण फसवणार? मी ओटीपी कुणालाच देत नाही.’’ मीही अगदी हेच म्हणत होते. मी आजही ओटीपी कुणाला दिलेला नाही, तरी खात्यातून ५८,४९६ रुपये गेले. म्हणून लिहितेय.

मुलगी टोरांटोला असते. तिला मुलगी झाली आणि बारसं रविवारी ठरलं. तिथे सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, एका डोळ्याला मोतीबिंदू. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर त्यांना काही दिसत नाही. ‘पणतीचं तोंड मोठं दिसेल असं काहीतरी कर’ म्हणाल्या. घरात जुना डेस्कटॉप आहे, बावीस इंची मॉनिटर आहे, फक्त कॅमेरा नाही. म्हणून एका शॉपिंग साइटवरून छोटा, मॉनिटरवर चिमट्यासारखा बसणारा वेबकॅम मागवला. ‘४के, ऑटोफोकस, माइक इनबिल्ट’. किंमत १,३४९, कॅश ऑन डिलिव्हरी. साडेचार स्टार होते. हे सांगते कारण आता सगळे विचारतात, ‘‘रिव्ह्यू नाही का बघितले?’’ बघितले होते.

गुरुवारी कॅमेरा आला. लावला तर चेहऱ्याच्या जागी पिठाचा गोळा. डोळे कुठे, नाक कुठे कळेना. भाच्याने येऊन पाहिलं आणि त्या साइटवरचं वर्णन अगदी तळापर्यंत वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘४के (इंटरपोलेटेड)’. म्हणजे आतला सेन्सर ६४० बाय ४८० चा, चित्र ताणून मोठं करून वर ‘४के’ असं लेबल. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. खऱ्या ४के मध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. माझ्या कॅमेऱ्यात ३,०७,२००. बरोबर सत्तावीसपट खोटं, आणि ते उघड विकलं जातं.

वेबकॅम घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. घरगुती व्हिडिओ कॉलला ४के लागतच नाही, बहुतेक कॉलमध्ये तेवढं चित्र पलीकडे पोचतही नाही. खरा ७२०पी (म्हणजे चित्राच्या उंचीत ७२० ठिपके) चालतो, खरा १०८०पी असेल तर उत्तमच. ‘इंटरपोलेटेड’ शब्द दिसला की पान बंद करा. कॅमेरा हातात आला की वर्तमानपत्राचा मथळा त्याच्यासमोर हातभर अंतरावर धरा. अक्षरं फुटली तर त्याच दिवशी परत करा, माझ्यासारखं ‘उजेडाचा दोष असेल’ म्हणत बसू नका. (उजेडाचा दोषही असतो. खिडकी पाठीमागे असेल तर कुठलाही कॅमेरा चेहरा काळा करतो, दिवा समोर हवा. पण माझा तो प्रश्न नव्हता.)

शुक्रवारी साइटवर ‘रिटर्न’ दाबलं. बटण फिरत राहिलं, काही झालं नाही. खोक्यावर बघितलं तर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, ग्राहकसेवेचा नंबर नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं २०११ च्या वजनमापाच्या नियमांनी सक्तीचं आहे. तो कोरा खोका हातात असतानाच मी सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मी त्या साइटचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाइप करून शोधलं. सर्वांत वर जो नंबर आला तो लावला. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. पण माझं ऐका. तो मुलगा मराठीत बोलत होता, स्वच्छ, आपल्या बाजूचं मराठी. हिंदीत बोलला असता तर मी फोन ठेवला असता. मी काही न सांगता त्याने ‘‘इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे का, चित्र धूसर येतंय का?’’ असं विचारलं. आता कळतं की अशा वस्तूंबद्दल फोन करणारा दुसरा काय सांगणार? तेव्हा वाटलं, याला माहिती आहे.

आधी म्हणाला, ड्रायव्हर (कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडलाय, कॉम्प्युटरवर एक ॲप घ्या, मी इथून दुरुस्त करतो. भाच्याने मागाहून सांगितलं की हल्लीचे साधे यूएसबी वेबकॅम नुसते जोडले की विंडोज स्वतःच ओळखतं, ड्रायव्हरची भानगड बहुतेकांना नसतेच. हे मला आधी माहीत असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. कॉम्प्युटर जुना, ॲप चालेना. मग म्हणाला, ‘‘राहू दे काकू, तुम्हाला रिफंडच देतो. तेच ॲप मोबाइलवर घ्या.’’ मी ते प्ले स्टोअरवरून घेतलं. अधिकृत ठिकाणाहून घेतलं म्हणून निर्धास्त होते. ॲपवर आलेला नऊ आकडी कोड मी त्याला सांगितला आणि माझा पडदा त्याला दिसू लागला. ॲप खोटं नसतं हो. खऱ्या ॲपमधूनच हे सगळं करतात.

त्याने एक फॉर्म पाठवला. नाव, पत्ता, ऑर्डर क्रमांक, १,३४९ ही रक्कम. खाली डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही.

इथे माझं बोट थांबलं होतं. खरंच थांबलं होतं. मी रोख पैसे देऊन वस्तू घेतली होती, कार्ड कुठेच वापरलं नव्हतं. पैसे खात्यात यायला खाते क्रमांक आणि आयएफएससी पुरतो, मागचे तीन आकडे कशाला? हा प्रश्न मी त्याला विचारला, याच शब्दांत विचारला. आणि तो म्हणाला, ‘‘बरोबर विचारलंत काकू. म्हणूनच सीव्हीव्ही मला फोनवर सांगू नका. आणि नंतर ओटीपी आला तर तोही मला सांगू नका. आजकाल फार फसवणूक होते.’’

या एका वाक्यावर मी विरघळले. रोज रात्री झोपताना तेच वाक्य ऐकू येतं. बँकेच्या प्रत्येक मेसेजमध्ये जे लिहिलेलं असतं तेच तो बोलत होता. चोर कधी असं सांगेल का, असं मला वाटलं. योग्य प्रश्न मला सुचला होता, मी तो विचारलाही होता, पण उत्तर मिळालं नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याने सीव्हीव्ही का लागतो हे सांगितलंच नव्हतं. वर्गात एखाद्या मुलाने असं भलतंच उत्तर दिलं असतं तर मी त्याला तिथेच अडवलं असतं.

फॉर्म भरला. मग म्हणाला, ‘‘आता प्रोसेस चालू झालीय, पडद्याला हात लागला तर रिफंड अडकेल. फोन स्पीकरवर करून टेबलावर पालथा ठेवा.’’ मी ठेवला. तो बारशाचं विचारत होता, पणतीचं नाव काय ठेवणार म्हणत होता, आणि पालथ्या फोनवर ओटीपी येत होते. मला दिसत नव्हते, त्याला दिसत होते.

१२ वाजून १९ मिनिटांनी २४,९९९. १२:२२ ला १८,९९९. फोन दोनदा थरथरला म्हणून मी उलटा करून पाहिला. त्याने लगेच फोन कापला.

दुसरा शनिवार, शाखा बंद. मी १२:२४ ला बँकेच्या टोल-फ्री नंबरला फोन लावला, त्याच मोबाइलवरून. भाषा निवडा, मग कार्डासाठी दोन दाबा, मग कर्जाच्या योजनेची जाहिरात, मग ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत’. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत, मी बँकेच्या लाइनवर ताटकळत असताना, १२:३१ ला आणखी १४,४९८ गेले. स्क्रीन शेअर चालूच होतं हे मला सुचलं नव्हतं. तिसरा ओटीपीही त्याने आरामात वाचला.

म्हणून, असं झालं तर आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लावा, मग बँक. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड बंद करायचं बटण असतं, ते आज शोधून ठेवा. ऑनलाइन खरेदीची मर्यादा तिथेच कमी करता येते. मी माझी आता दोन हजार केली आहे.

१९३० मला १२:५० ला कुणीतरी सांगितल्यावर सुचला. तिथल्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला, आणि कुठल्याशा वॉलेटमध्ये ९,२०० रुपये अडवले गेल्याचा मेसेज संध्याकाळी आला. एवढ्या प्रकरणात माणसासारखं वागणारी तेवढी एकच जागा.

सोमवारी शाखेत गेले. मॅनेजरनी वर न बघता सांगितलं, ‘‘ओटीपी बरोबर टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमचाच.’’ शेजारी तीन खातेदार बसलेले. मी त्याच शाखेत २६ वर्षं पगार आणि पेन्शन घेतेय. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. त्यात स्पष्ट आहे की ग्राहकाची चूक असली तरी तक्रार कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भार बँकेवर. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. ‘‘तुमची तक्रार सिस्टिममध्ये १२:३५ ला नोंदली आहे, व्यवहार १२:३१ चा.’’ म्हणजे अकरा मिनिटं ताटकळत ठेवायचं तुम्ही, आणि ती मिनिटं मोजायची माझ्या खात्यावर?

पोलीस ठाण्यात सांगितलं सायबरला जा. सायबरमध्ये सांगितलं, रक्कम लहान आहे, ठाण्यातूनच अर्ज फॉरवर्ड करून आणा. परत ठाण्यात. ‘‘आरोपी बाहेरच्या राज्यातला असणार, आमच्या हद्दीत गुन्हा घडलाच नाही.’’ माझा फोन माझ्या टेबलावर होता, टेबल माझ्या घरात, घर तुमच्या हद्दीत! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये हद्द न बघता माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. हे म्हटल्यावर एक हवालदार म्हणाले, ‘‘शिकलेल्या बाईने असं करायचंच कशाला?’’ चार चकरा झाल्या. नुसत्या अर्जाची पोच मिळाली, एफआयआर नाही. ते ९,२०० सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलांनी फी सांगितली ५,०००.

‘शिकलेली बाई’ हे मी आतापर्यंत सात जणांकडून ऐकलं. चोराला एकही शब्द कुणी बोललं नाही. तो नंबर शोधात सर्वांत वर दाखवणाऱ्यांना नाही, सत्तावीसपट खोटं लेबल लावणाऱ्याला नाही. साइटकडे लेखी तक्रार केली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच द्यायला हवी, ती आठव्या दिवशी आली, आणि ‘परतीची मुदत संपली’ एवढंच उत्तर. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. त्यानंतर १,३४९ परत आले. तेवढेच आले.

बारसं मोबाइलवरच झालं. सासूबाईंनी फोन नाकाशी धरून पाहिला.

बँकेने तीस दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेचा लेखी नकार मला मिळालाय, तक्रार गेल्या सोमवारी टाकली. पहिल्या दोन रकमांचं काय होईल ते होवो, १४,४९८ मी सोडणार नाही. माझ्याकडे कॉल-लॉगचा फोटो आहे : टोल-फ्री नंबर, १२:२४, कालावधी १९ मिनिटं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा फोटो त्याच दिवशी काढा. नंतर फोन रीसेट करायला सांगतात, आणि त्यात तो लॉग जातो. माझा भाचा रीसेट करायला बसलाच होता, मी त्याचा हात धरला.