डिचोलीच्या पावसातून गेलेले वर्कबेंच: वर्षभराच्या वापरानंतर

गोव्यात डिचोलीतील आमच्या घरामागच्या पडवीत मी स्वतः बांधलेल्या वर्कबेंचला, म्हणजे सुतारकामाच्या टेबलाला, नुकतेच वर्ष झाले. लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट आणि उंची 34 इंच. पायांसाठी जुने घर पाडताना निघालेल्या ऐनाच्या तुळया वापरल्या. आमच्याकडे या झाडाला माट्टी म्हणतात आणि तो गोव्याचा राज्यवृक्षही आहे. लाकूड इतके जड की चारही पाय जोडून झाल्यावर सांगाडा हलवायला दोघे लागले. मात्र तुळयांत दडलेल्या खिळ्यांनी लाकूड तासायच्या रंध्याचे पाते दोनदा खराब केले. आधी लोहचुंबक फिरवून पाहायला हवे होते. वरच्या फळ्या फणसाच्या, तीन इंच जाडीच्या आहेत. बसवल्या तेव्हा हळदीसारख्या पिवळ्या होत्या, आता तपकिरी झाल्या आहेत.

रंधा मारताना सगळा जोर लांबीच्या दिशेने जातो, त्यामुळे टेबल डुलते ते बहुधा त्याच दिशेला. म्हणून लांबीच्या दोन्ही आडव्या पट्ट्या रुंद घेतल्या आणि त्या गोंदाने न चिकटवता बोल्टने आवळल्या. फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा आणखी आवळावा लागला. त्यानंतर एकदाही कुरकुर ऐकू आली नाही. खालच्या फळीवर चार चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) ठेवले आहेत, तेवढ्या वजनाने उरलेसुरले डुलणेही थांबले.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली आणि तिथे मी चुकलो होतो. वरच्या फळ्या मी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पट्ट्यांना स्क्रूने घट्ट बसवल्या होत्या. गावातले सुतार मेस्तकाका तेव्हाच म्हणाले होते, "पाऊस येऊ दे, मग सांग मला." जुलैच्या मध्यावर मागच्या पट्टीचा सांधा उघडला आणि दोन स्क्रू वाकलेले दिसले. मोजपट्टीने मोजले तर फेब्रुवारीच्या मानाने रुंदी चार मिलिमीटरने वाढली होती. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत ओल शोषून फुगते, आणि त्याला अडवले तर सांधाच तुटतो. शिवाय मी तेलाचा हात फक्त वरच्या बाजूला दिला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखी ओल न शोषल्याने फळ्या किंचित वाकल्या होत्या. रंधा मारून पृष्ठभाग लगेच सपाट करावा असे वाटले, पण काकांनी हात धरला. पावसात तासलेली फळी कोरड्या दिवसांत उलटी वाकली असती. शेवटी मागच्या पट्टीतली छिद्रे कानशीने लांबट केली आणि फळ्यांच्या खालच्या बाजूलाही तेल लावले. पुढचे स्क्रू मुद्दाम तसेच घट्ट ठेवले, म्हणजे डाव्या कोपऱ्यातल्या व्हाइसशी (लाकूड पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याशी) पुढची कड एका रेषेत राहते. ऑक्टोबरनंतर फळ्या बऱ्याच अंशी पूर्वपदावर आल्या आणि मग हलक्या हाताने दोनच वेळा रंधा फिरवला.

पायांच्या तळाला वाळवीसाठी काजूच्या टरफलांचे तेल लावले आहे. ते अंगावर उडाले तर कातडी अक्षरशः भाजते. माझ्या मनगटावरचा डाग महिनाभर होता, तेव्हा हातमोजे हवेतच. व्हाइसच्या आट्यांना जूनपासून दर आठवड्याला शिलाई मशीनचे तेल देतो. एक आठवडा चुकला की गंज चढतोच.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात ती, नवी लाकडी चौकट याच टेबलावर केली. चारही कोपरे गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) तंतोतंत लागले, कारण चौकट व्हाइसमध्ये पकडल्यावर खालचे टेबल जरासुद्धा सरकत नव्हते. त्या एका दिवसात सगळा खर्च वसूल झाला असे मी मानतो.

तक्रारी दोनच. खण पावसाळाभर उघडत नाही; त्याच्या कडा तासायच्या राहून गेल्या आहेत. आणि 34 इंचांची उंची रंध्यासाठी योग्य असली, तरी पटाशीचे (लाकूड कोरायच्या छिन्नीचे) बारीक काम करताना कंबर धरते, म्हणून टेबलावर ठेवायचा सहा इंची चौरंग सध्या बनवतो आहे.