हरणाच्या रायफलीसाठी मध्यम किमतीचा स्कोप: साधा ३-९×४० की फर्स्ट फोकल प्लेनचा ४-१६×४४?

पेनसिल्वेनियात शिकारीच्या परवान्यासाठी लागणारे शिक्षण पूर्ण करून ज्यांनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली आहे आणि आता तिच्यावर तीनशे ते पाचशे डॉलरांमधला कोणता स्कोप बसवावा या विचारात जे अडकले आहेत, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. ३-९×४० म्हणजे तीन ते नऊ पट वर्धन आणि पुढच्या काचेचा व्यास चाळीस मिलिमीटर; ४-१६×४४ चेही तसेच. हे दोन्ही प्रकार मी स्वतःच्या पैशाने घेतले, दोन्ही एकाच .३०८ विंचेस्टरवर बसवून पॉटर काउंटीच्या डोंगरात नेले आणि शेवटी त्यांपैकी एकच त्या रायफलीवर राहिला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर या विषयाची मराठी परिभाषाही ठासणीच्या बंदुकीपाशीच थांबली. त्यामुळे पुढे स्कोप (रायफलीवरची नेमाची दुर्बीण), रेटिकल (तिच्यात दिसणारी नेमाची फुली), क्लिक (नेम सरकवणाऱ्या चकतीची एक पायरी) हे शब्द जसेच्या तसे येतील, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे.

एक खुलासा आधीच करतो. कोणत्या कंपनीचे कोणते मॉडेल माझ्याकडे होते, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या त्रासामुळे माझा निर्णय झाला तो एखाद्या कंपनीच्या कारागिरीचा नसून रचनेचा आहे. हमीच्या मुद्द्यावर तर निर्णय अडवण्याचे कारणच नाही. व्होर्टेक्स आणि ल्यूपोल्ड या दोन्ही स्कोप-कंपन्यांची आजन्म हमी आहे.

मी आधी घेतला तो ४-१६×४४. अभियंत्याच्या मनाला भुरळ पडावी असेच त्याचे सगळे आहे. रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनमध्ये, म्हणजे वर्धन करणाऱ्या भिंगांच्या अलीकडे, पुढच्या काचेच्या बाजूला असल्यामुळे वर्धन बदलले की रेटिकलही त्याच प्रमाणात मोठे किंवा लहान होते, आणि म्हणून खालच्या प्रत्येक खुणेचा अर्थ चार पटीला जो, तोच सोळा पटीला. साध्या ३-९ मध्ये रेटिकल सेकंड फोकल प्लेनमध्ये असते. ते डोळ्याला सदैव एकाच जाडीचे दिसते, पण त्यावर अंतराच्या खुणा असल्या तर त्या बहुधा कमाल वर्धनालाच बरोबर ठरतात. कागदावर पाहता पहिली रचना सरळसरळ वरचढ आहे, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, शंभर फुटांवरच्या भिंतीवर लावलेल्या पाटीकडे पाहताना, मला तरी दुसऱ्या रचनेत घेण्यासारखे काही दिसले नव्हते.

वजनाबद्दल फार लिहीत नाही. माझा ४-१६ साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास होता आणि ३-९ साडेतीनशेच्या. बाकावर बसून नेम धरताना हा फरक कळत नाही, पहाटे अंधारात कडा चढताना कळतो. नेम वर-खाली करण्यासाठी वर उघड्या राहणाऱ्या, हाताने फिरवायच्या चकत्यांबद्दलही थोडक्यात आटोपतो. शंभर यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी रायफल बसवली की माझी दीडशे ग्रेनची (सुमारे पावणेदहा ग्रॅमची) गोळी दोनशे यार्डांच्या आसपास नेमक्या जागी येते आणि अडीचशेवर साडेतीन-चार इंच खाली जाते. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा धरला, तर या अंतरापर्यंत चकतीला हात लावण्याचे कारण पडत नाही. उत्तर पेनसिल्वेनियाच्या दाट जंगलात मला आजवर मिळालेली संधी एकशे वीस यार्डांपलीकडची नाही. चार हंगामांत मी क्लिक मोजले ते फक्त रेंजवर.

आता मूळ मुद्दा. इथल्या रायफलीच्या हंगामाची सुरुवात २०१९ पासून थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या शनिवारी होते. त्या दिवसांत सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो आणि कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते. ज्यांनी हा अर्धा तास झाडाखाली बसून काढला आहे त्यांना सांगायला नको की हरणे नेमकी याच वेळी हलतात. दिवसभर थंडीत गोठून ज्याची वाट पाहावी, तो जिवंतपणा या शेवटच्या पंचवीस-तीस मिनिटांत जंगलात येतो. स्कोप पारखायचा तर या अर्ध्या तासात पारखावा. दुपारच्या उन्हात दोनशे डॉलरांचा स्कोपही राजासारखा दिसतो.

पहिल्या हंगामात अशाच एका संध्याकाळी मी हेमलॉकच्या राईच्या कडेला बसलो होतो. मादीचा परवाना खिशात होता. पाच वाजायला आले असताना साठ-सत्तर यार्डांवर एक मोठी मादी राईतून बाहेर आली आणि आडवी उभी राहिली. मी रायफल खांद्याला लावली. स्कोप चार पटीवरच होता, कारण दाट झाडीत सगळेच तसा ठेवतात. काच उत्तम होती यात शंका नाही. नुसत्या डोळ्यांना जी करडी सावली वाटत होती, तिचा कान, मानेची कड, खांद्याचा उंचवटा, सगळे मला स्कोपमधून स्वच्छ दिसत होते. दिसत नव्हती ती फक्त फुली. चार पटीला आकसलेले ते रेटिकल कोळ्याच्या धाग्याइतके बारीक झाले होते आणि काळसर बुंध्यांच्या पार्श्वभूमीवर हरणाच्या करड्या अंगावर ते कुठे विरले होते, हे मला किती तरी वेळ डोळे ताणूनही सापडेना. हरीण दिसत होते, पण हरणाच्या अंगावर नेम कुठे आहे हे दिसत नव्हते. अंदाजाने घोडा दाबणाऱ्यांतला मी नाही. हातमोज्याच्या जाड बोटांनी मी वर्धनाचे कडे आठ-नऊ पटीपर्यंत फिरवले, तेव्हा रेघा उमटल्या खऱ्या, पण तोवर दृश्य इतके अरुंद झाले होते की त्यात मला एक बुंधा आणि अर्धी शेपटी एवढेच दिसले. पुन्हा कडे मागे घेईपर्यंत ती तीन पावले पुढे जाऊन राईत मिसळली होती.

एखादे हरीण हुकले याचे दुःख नाही. ती शिकारीतली रोजची गोष्ट आहे. खटकले ते हे की उजेड होता, वेळ होती, अंतर हाताच्या अंतरावरचे होते, आणि अडले ते मी चारशेहून अधिक डॉलर देऊन घेतलेल्या वस्तूमुळे. पुढच्या तीन संध्याकाळी मी हरणाची वाट न पाहता नुसत्या वेगवेगळ्या बुंध्यांवर रेघा शोधत बसलो. माझ्या अंदाजाने सूर्यास्तानंतर दहा-बारा मिनिटांनी चार पटीवरची फुली माझ्यापुरती संपत होती, म्हणजे कायद्याने दिलेल्या अर्ध्या तासातला निम्म्याहून अधिक वेळ वाया जात होता. हे मोजमाप नव्हे, पंचेचाळिशीतल्या एका चष्मेवाल्या माणसाचा अनुभव आहे. तरुण डोळ्यांना कदाचित आणखी पाच मिनिटे मिळतील.

यामागचे गणित साधे आहे आणि ते मी आधी करायला हवे होते. पुढच्या काचेच्या व्यासाला वर्धनाने भागले की मागच्या काचेतून डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या चकतीचा व्यास मिळतो. चव्वेचाळीसला सोळाने भागले तर पावणेतीन मिलिमीटर, आठने भागले तर साडेपाच, चारने भागले तर अकरा. अंधुक प्रकाशात माझ्या वयाच्या माणसाची बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडत असेल असे धरले, तर वर्धन जसजसे वाढवावे तसतसे दृश्य एका टप्प्यानंतर काळवंडणारच. म्हणजे उजेडासाठी आणि विस्तृत दृश्यासाठी वर्धन कमी हवे, आणि रेघ दिसण्यासाठी मात्र तेच वर्धन जास्त हवे. फर्स्ट फोकल प्लेनच्या स्कोपवर या दोन गरजा संध्याकाळी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने कडे ओढतात. शंभर यार्डांवर माझ्या ३-९ मधून तीन पटीला सुमारे तेहेतीस फूट रुंदीचे दृश्य दिसते. त्या ४-१६ मधून सोळा पटीला जेमतेम सात फूट. झाडीत सात फुटांच्या खिडकीतून हरीण शोधणे म्हणजे किल्लीच्या भोकातून जत्रा पाहणे.

साध्या ३-९ मध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण रेटिकल सदैव तेवढेच जाड राहते. त्यातही माझ्याकडे आहे ते डुप्लेक्स पद्धतीचे, म्हणजे बाहेरून जाड आणि मध्याजवळ बारीक होणाऱ्या रेघांचे. ल्यूपोल्डने ही पद्धत १९६२ मध्ये आणली आणि आजही जवळजवळ प्रत्येक कंपनी ती या ना त्या नावाने वापरते. मधली बारीक फुली अंधारात विरली तरी चार जाड दांड्यांच्या मधोमध डोळा आपोआप स्थिरावतो. जर्मनी-ऑस्ट्रियातले शिकारी मचाणावरून चांदण्यात रानडुकरे टिपतात, त्यांच्याकडचे क्रमांक चारचे रेटिकल याच विचाराचे, आणखी ठसठशीत दांड्यांचे आहे. तिथे ८×५६ हा आकार लोकप्रिय आहे, कारण छप्पन्नला आठने भागले की बरोबर सात येतात. ज्यांना अंधाराशी खरेच झुंजावे लागते त्यांनी बारीक खुणांची जाळी निवडली नाही, यातून मला तरी पुरेसा बोध झाला.

यावर प्रकाशित रेटिकलचा उपाय सुचवला जातो आणि तो वाजवी आहे. मध्ये लाल ठिपका पेटला की रेघ किती बारीक आहे याला महत्त्व राहत नाही. फक्त त्याने किंमत वाढते, सर्वांत मंद पायरीवरही ठिपका डोळ्यात भरणार नाही ना हे अंधारातच तपासावे लागते, आणि कडाक्याच्या थंडीत बटणाएवढ्या बॅटरीवर भरवसा ठेवावा लागतो. जे लोक दरवर्षी न चुकता धुराच्या सूचनायंत्राची बॅटरी बदलतात, त्यांना हा मार्ग चालेल. मी त्यांतला नाही.

सोळा पटीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो, तो शिंगांचा. २००२ पासून इथे बहुतेक भागांत प्रौढ शिकाऱ्याला नर मारायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान तीन टोके असावी लागतात, आणि ती मोजायला मोठे वर्धन सोयीचे पडते, असे म्हणतात. ते सोयीचे आहे हे खरे. पण स्कोपमधून टोके मोजणे म्हणजे भरलेली रायफल त्या दिशेला रोखून टोके मोजणे, आणि झुडपामागे निघाले ते हरीण नसून नारिंगी बंडी घातलेला माणूस असेल तर त्याच्यावरही ती रोखली गेलेली असते. मोजणी गळ्यातल्या दुर्बिणीने करावी; स्कोप त्यानंतर उचलायचा. हे ध्यानात घेतले की सोळा पटींची गरज निम्म्याने कमी होते.

३-९ चे दोषही सांगायला हवेत. माझ्या ३-९ ची काच कडांना किंचित अंधुक आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर ४-१६ चे चित्र उजवे आहे, हे मी नाकारत नाही. बाजूला पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसण्याचा दोष, जुळवायची चकती नाही. शंभर-दीडशे यार्डांसाठी ही जुळवणी कारखान्यातच होऊन येते, आणि पंचवीस यार्डांवर कागदाला भोके पाडताना याची चीड येते. अंतराच्या खुणा असलेले रेटिकल घेतले तर वर्धन कमी असताना त्या फसवतात, म्हणून मी खुणा नसलेलेच घेतले. जुन्या बाजारात निकॉनचे या आकाराचे चांगले स्कोप अजून मिळतात; कंपनीने रायफलच्या स्कोपचा धंदा गुंडाळला असल्याने त्यांची किंमत घासाघीस करून घ्यावी.

ज्यांची शिकार वायोमिंग किंवा नेब्रास्काच्या उघड्या माळावर, तीनशे-चारशे यार्डांवर, भरदिवसा होते, त्यांनी माझे म्हणणे बाजूला ठेवून खुशाल फर्स्ट फोकल प्लेन घ्यावे. तिथे खुणांचा अर्थ न बदलणे हा खरोखरीचा फायदा आहे. माझा ४-१६ मीही विकलेला नाही. तो आता ६.५ क्रीडमूर या दुसऱ्या काडतुसाच्या रायफलीवर आहे, रेंजवर पोलादी पाट्या वाजवतो आणि तिथे त्याला तोड नाही. पण झाडीतली शिकार आणि एकच स्कोप, अशी स्थिती असेल, तर माझा कौल कुठे झुकतो हे आतापर्यंत लपलेले नसावे.

तरीही माझ्या शब्दावर जाऊ नये. दुकानात जायचेच तर दिवेलागणीला जावे आणि विक्रेत्याला विनंती करून दोन्ही स्कोप, रायफलीवर न चढवलेले, बाहेर वाहनतळाच्या कडेला न्यावेत. माझ्या अनुभवात कोणी नाही म्हटलेले नाही. दोन्ही सर्वांत कमी वर्धनावर ठेवावेत, दिव्यांकडे पाठ करावी आणि एखाद्या काळ्या बुंध्यावर फुली शोधावी. एकाच मालिकेच्या नावाखाली दोन्ही रचना विकल्या जातात, म्हणून पैसे देण्यापूर्वी खोक्यावर कोणता फोकल प्लेन लिहिला आहे तेही पाहावे. आणि घरी आणून स्कोप पुढे-मागे सरकवून कड्या आवळताना अंगात शिकारीचे जाड जाकीट घालावे. मी पहिल्यांदा टी-शर्टवर बसवला होता, आणि पहिल्याच थंडीत जाकिटाच्या जाडीमुळे डोळा मागे राहून निम्म्या दृश्याला काळी कड आली होती.